माणसाने वाढवलेलं स्लॉथचं अनाथ पिल्लू परत जंगलात जगू शकतं का?

मध्य अमेरिकेतल्या कोस्टा रिकातले, बाटलीने दूध पिणाऱ्या स्लॉथचे (झाडाला उलटं लटकणारा तो संथ प्राणी) व्हिडिओ बघून तुम्ही विचारलंय, की ही पिल्लं पुढे खरंच जंगलात जातात का, आणि आपल्याला तिथे स्वयंसेवक म्हणून जाता येतं का. मी पशुवैद्यक आहे आणि तिथल्या कॅरिबियन किनाऱ्यावरच्या एका बचाव केंद्रात काही महिने काम केलंय. जातात, पण सगळी नाही. आणि व्हिडिओत दिसणाऱ्या लाडांमुळे तर नाहीच.

मुळात केंद्रात येणारं प्रत्येक पिल्लू अनाथ नसतं. ते आईच्या पोटावरून निसटून खाली पडतं आणि कोणीतरी कनवाळू माणूस उचलून आणतो. आई वर झाडावरच असते, तिला खाली यायला वेळ लागतो इतकंच. स्लॉथ दोन प्रकारचे, पुढच्या पायाला दोन बोटं असलेले आणि तीन बोटं असलेले. त्यातल्या तीन बोटांच्या स्लॉथचं पिल्लू आईसाठी शिट्टीसारखा बारीक आवाज काढतं. तो रेकॉर्ड करायचा आणि ते सापडलं त्याच झाडाखाली स्पीकरवर वाजवत बसायचं. आई जवळपास असेल तर आवाजाच्या रोखाने उतरू लागते. जुन्नरकडे ऊसतोडीत बिबट्याचे बछडे सापडले की वनखातं ते त्याच शेतात ठेवून रात्री मादीची वाट बघतं, तसंच हे. आई मिळाली तर उत्तमच. तिच्याइतकं आमच्यापैकी कोणालाच जमत नाही.

खरी अनाथ होतात ती विजेच्या तारा, कुत्रे आणि गाड्यांमुळे. जंगल तुटलं की स्लॉथ तारेवरून वेलीसारखा चालत जातो. शॉक लागून आई मरते, पण पोटाला बिलगलेलं पिल्लू कधीकधी वाचतं.

अशा पिल्लाला आधी ऊब द्यायची, दूध नंतर. स्लॉथला कुडकुडून अंग गरम करता येत नाही. गार पडलेल्या पिल्लाला पाजलं तर पचत नाही. बिलगायला एक कापडी खेळणं द्यायचं आणि शेळीचं दूध सिरिंजने थेंबाथेंबाने. घाई केली की दूध फुफ्फुसात जातं आणि न्यूमोनिया होतो. मग शी! स्लॉथ साधारण आठवड्यातून एकदा, तेही झाडाखाली उतरून करतो. पिल्लाला उभी काठी धरायला देऊन जमिनीशी न्यायचं. तीन बोटांचं असेल तर ते काठीला मिठी मारून, बूड हलवत, आखूड शेपटीने माती उकरल्यासारखं करतं. कोणाला झाली, कोणाला नाही, कोणाचं पोट फुगलंय, ही चर्चा आमच्याकडे चहाच्या आधी व्हायची.

दूध पाजणं मात्र पानं शिकवण्यापेक्षा सोपं. जंगलात पिल्लू आईच्या तोंडाशी लागलेली पानं चाटत शिकतं, कोणतं झाड, कोवळं की जून. आम्ही सकाळी सेक्रोपिया नावाच्या तिथल्या झाडाची आणि देशी बदामाची पानं तोडायला निघायचो. हो, आपल्याकडे शाळेच्या मैदानात असतो तोच बदाम; आशियातून जाऊन तिथल्या किनाऱ्यांवर रुजलाय. जास्वंदीचं फूल म्हणजे खाऊ, ते मिटक्या मारत खातात. दोन बोटांचा स्लॉथ उकडलेलं गाजर, रताळंही आवडीने खातो आणि वजन छान भरतं. पण जंगलात त्याला रताळं उकडून कोण देणार?

या मुद्द्यावर तिथल्या लोकांतच मतभेद आहेत. काहुइता गावाजवळ ज्युडी एवी-अरोयो यांच्याकडे 1992 मध्ये बटरकप नावाचं तीन बोटांचं अनाथ पिल्लू आलं आणि त्यातून प्रसिद्ध स्लॉथ सँक्च्युअरी उभी राहिली. आईच्या शिकवणीविना वाढलेला स्लॉथ जंगलात टिकणार नाही, अशी तिथली भूमिका होती. बटरकप तिथेच राहिली. 2014 मध्ये मानुएल अँटोनिओ या ठिकाणी सॅम ट्रल यांनी सहकाऱ्यासोबत सुरू केलेल्या स्लॉथ इन्स्टिट्यूटने उलटा रस्ता धरला. हाताने वाढवलेले स्लॉथही हळूहळू सोडायचे. जंगलातच मोठा पिंजरा बांधायचा, झाडांची सवय झाली की दार उघडं ठेवायचं. ते बाहेर जातात, खायला परत येतात, मग येणं कमी होत जातं. गळ्यात रेडिओ कॉलर असते. दोन बोटांचे निशाचर, त्यामुळे अँटेना घेऊन रात्री चिखलात उभं राहायचं आणि वर काय खातोय ते टिपायचं.

माझं मत या दुसऱ्या बाजूने आहे, निदान दोन बोटांच्या बाबतीत. तीन बोटांची पिल्लं फार नाजूक. बरीचशी दूधपित्या वयातच दगावतात. जगभरच्या प्राणिसंग्रहालयांत जवळजवळ सगळे दोन बोटांचेच दिसतात, ते उगाच नाही.

स्वयंसेवक म्हणून जरूर जा. पण ‘पिल्लू मांडीवर घेता येईल’ असं केंद्राच्या जाहिरातीत असेल तर तिथे पैसे भरू नका. जंगली प्राण्यांना धरून सेल्फी काढण्याविरुद्ध कोस्टा रिका सरकारनेच 2019 मध्ये मोहीम काढली होती. चांगल्या केंद्रात तुमच्या वाट्याला पानं तोडणं, पिंजरे धुणं आणि भाज्या चिरणं येईल. कामापुरतं स्पॅनिश शिकून गेलात तर तिथल्या कामगारांकडून पुस्तकात नसलेलं पुष्कळ कळेल, आणि पावसाळी बूट इथूनच न्या.