कॅमेरा विभाग नफ्यात आला, म्हणून शेअर घ्यावा का?

प्रश्न: सांगलीत मारुती चौकाजवळ माझा फोटो स्टुडिओ आहे. पुढच्या महिन्यात 6 लाखांची एफडी पूर्ण होतेय. जपानच्या निकॉन कंपनीचा कॅमेरा विभाग तोट्यातून बाहेर आल्याचं वाचलं. कॅमेऱ्यातलं मला कळतं. सगळी रक्कम त्या शेअरमध्ये घालू का?

उत्तर: घालू नका. तुम्ही वाचलंत ते मात्र खरं आहे. मार्च 2021 ला संपलेल्या वर्षात निकॉनच्या इमेजिंग म्हणजे कॅमेरा विभागाला सुमारे 3,570 कोटी येनचा (येन हे जपानचं चलन) ऑपरेटिंग, म्हणजे रोजच्या धंद्यातला, तोटा झाला होता. पुढच्याच वर्षी सुमारे 1,900 कोटी येन नफा झाला आणि मार्च 2024 ला संपलेल्या वर्षात तो सुमारे 4,650 कोटींवर गेला.

पण हा नफा खप वाढून आलेला नाही. जगभरात 2010 साली 12 कोटींच्या आसपास डिजिटल कॅमेरे कारखान्यांतून बाहेर पडले. 2023 मध्ये 80 लाखसुद्धा नाहीत. स्वस्त, खिशात मावणारे कॉम्पॅक्ट कॅमेरे मोबाईलने खाल्ले. मग कंपनीने खर्च कापला आणि महागड्या मिररलेस (आत आरसा नसलेल्या) कॅमेरा बॉडी नि लेन्सवर भर दिला. येन घसरल्यामुळे परदेशातली विक्री येनमध्ये फुगलेली दिसली, हेही आहेच. कंपनीने काम चांगलं केलं, पण येन पुन्हा वधारला तर यातला काही भाग जाईल.

शिवाय शेअर विभागाचा मिळत नाही, अख्ख्या कंपनीचा मिळतो. निकॉन चिप बनवायची यंत्रंही विकते, त्या धंद्याचे चढउतार वेगळे. ऑलिंपस या दुसऱ्या जपानी कंपनीने तर तोट्यातला कॅमेरा धंदा 1 जानेवारी 2021 ला दुसऱ्यांच्या हाती दिला. कॅमेऱ्यावर भरवसा ठेवून ज्यांनी तो शेअर घेतला, त्यांच्याकडे एंडोस्कोप (शरीरात आतून बघायची दुर्बीण) बनवणारी वैद्यकीय कंपनी उरली.

मला खरी काळजी तुमच्या घराची वाटते. रोजची कमाई कॅमेऱ्यावर, त्यात बचतही तिथेच गेली, तर धंदा मंदावला की दोन्ही एकदम अडकतील. लग्नसराई संपल्यावर चातुर्मासात स्टुडिओ कसा चालतो, हे तुम्हाला सांगायला नको.

म्हणून 2 लाख बँकेतच ठेवा, लगेच काढता येतील असे. साडेतीन लाख निफ्टी इंडेक्स फंडात (निफ्टीतल्या सगळ्या मोठ्या कंपन्यांत थोडे थोडे पैसे घालणारा म्युच्युअल फंड) वर्षभर हप्त्याहप्त्याने घाला, पण निदान सात वर्षं त्यांना हात लावायचा नाही, या बोलीवर. उरलेल्या 50 हजारांत दुकानाचा विमा उतरवा, शिल्लक राहील ती विम्याच्या पुढच्या हप्त्यासाठी.

तरीही निकॉन हवाच असेल, तर एक अडचण आधी समजून घ्या. परदेशी शेअर नावावर असला की आयटीआर-4, म्हणजे छोट्या व्यावसायिकांचा सोपा आयकर फॉर्म, भरता येत नाही. आयटीआर-3 हा मोठा फॉर्म भरावा लागतो आणि त्यात परदेशी मालमत्तेचा तपशील द्यावा लागतो. जपानी बाजारात खरेदीही साधारणपणे 100 शेअरच्या पटीत होते. एवढा व्याप एका शेअरसाठी करावा, असं मला वाटत नाही.

विम्याचं मात्र या आठवड्यातच बघा. 2019 च्या पुरात मारुती चौकाचे काय हाल झाले, ते तुम्ही पाहिलंय. छोट्या धंद्यांसाठीच्या ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ पॉलिसीत पुराचं नुकसान धरलेलं असतं, पण लग्नाला बाहेर नेलेल्या बॉडी आणि लेन्ससाठी वेगळं संरक्षण घ्यावं लागतं. एजंटकडून दोन्हींचे दर लेखी मागवा आणि प्रत्येक बॉडीचा सीरियल नंबर पॉलिसीत लिहून घ्या.