बोलपट आधी की मूकपट?

प्रश्न असा आहे: ‘मूकपट’ या शब्दावरूनच ‘बोलपट’ बेतला असणार ना? मूकपट आधी आले, म्हणजे शब्दही आधीचा.

वस्तू आधीची खरी, पण तिचं हे नाव नंतरचं असलं पाहिजे. ३ मे १९१३ला गिरगावात कॉरोनेशनमध्ये दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ लागला, तेव्हा त्याला मुका कोण म्हणणार? बोलणारा पट कुणी पाहिलाच नव्हता. तशी गरज पडली ती १४ मार्च १९३१ नंतर, अर्देशीर इराणींचा ‘आलम आरा’ मॅजेस्टिकमध्ये बोलायला-गायला लागल्यावर. यंत्रमाग आला आणि नुसता माग होता तो हातमाग झाला, त्यातलंच हे.

शब्दाची घडण मला फार आवडते. ‘मूक’ आणि ‘पट’ दोन्ही संस्कृत. ‘बोलपट’मध्ये मात्र रोजच्या तोंडातला ‘बोल’ संस्कृत ‘पटा’ला जाऊन बिलगला आहे. पट म्हणजे कापड, आणि कापडावर काढलेलं चित्रही. पडद्यावरच्या खेळाला याहून चपखल काय असणार? हिंदीने ‘सवाक्’ घेतला, तो पुस्तकातच राहिला. तमिळमध्ये ‘पेसुम् पडम्’, म्हणजे बोलणारं चित्र. तो आपल्या शब्दाचा सख्खा भाऊ वाटतो.

मराठीतला पहिला बोलपट प्रभातचा ‘अयोध्येचा राजा’, १९३२चा, दिग्दर्शक व्ही. शांताराम. गोष्ट पुन्हा हरिश्चंद्राचीच! फाळक्यांच्या पडद्यावर ओठ हलत होते. इथे गोविंदराव टेंब्यांचा हरिश्चंद्र आणि दुर्गाबाई खोट्यांची तारामती मराठीत बोलली, गायली. शांतारामांनी तीनच वर्षं आधी ‘गोपाळकृष्ण’ विनाआवाजाचा केला होता, म्हणजे ही दोन्ही नावं त्यांच्या एकट्याच्या कामालाही लागू पडतात.

पुढे सगळेच पट बोलू लागले, तेव्हा ‘बोल’ वेगळा सांगायचं कारण उरलं नाही. ‘चित्रपट’ पुरेसा झाला. ‘टॉकी’ची तर आपण ‘टॉकीज’ करून थेट इमारतच केली: ‘टॉकीजला काय लागलंय?’ मूकपट मात्र टिकला, कारण वेगळेपण आता त्याच्याकडे आहे.

फाळक्यांविषयी लिहिताना ‘बोलपट’ अजूनही लागतो. कोल्हापुरात केलेला ‘गंगावतरण’, १९३७चा. तिथे नुसतं ‘चित्रपट’ लिहिलं, तर मूकपटांच्या या जनकाने अखेरीस पडद्याला बोलतंही केलं, हे वाचणाऱ्याला कळणारच नाही.