काळा पडदा: ड्रायव्हर बदलण्यापूर्वी किल्ली तपासावी

लिनक्सचा कर्नल (प्रणालीचा गाभा) अद्ययावत केल्यापासून एन्व्हिडियाचा मालकी (बंद स्रोताचा) ड्रायव्हर लोड होत नाही, पडदा काळा राहतो, तर कायमचे मुक्त स्रोताच्या नूव्हो ड्रायव्हरवर जावे का, असे आपण विचारले आहे. माझ्या लॅपटॉपची लक्षणे हीच होती. निर्मात्याच्या सेवा केंद्राने लॉग न पाहताच ग्राफिक्स चिप गेल्याचा निर्वाळा दिला, माझ्या खर्चाने मदरबोर्ड बदलला, आणि पडदा तसाच काळा राहिला. पेन ड्राइव्हवरून लाइव्ह सत्र सुरू केले की नूव्होवर चित्र स्वच्छ उमटते, हे तिथे दाखवूनही 'लिनक्सला आमचा सपोर्ट नाही' एवढेच ऐकायला मिळाले. चिप गेली असती तर ते चित्र कुठून आले असते?

खरे कारण सिक्युअर बूट होते, म्हणजे विश्वासू सही नसलेला कोड सुरू होऊ न देणारे संरक्षण. डीकेएमएस हे साधन नव्या कर्नलसाठी ड्रायव्हरचे मॉड्यूल (कर्नलमध्ये लोड होणारा भाग) पुन्हा बांधते आणि त्याच संगणकावरील स्थानिक किल्लीने (डिजिटल सहीच्या 'की'ने) त्यावर सही करते; ती किल्ली नोंदलेली नसेल तर कर्नल मॉड्यूल नाकारतो, आणि मालकी पॅकेजने नूव्होला आधीच ब्लॅकलिस्ट केलेले (लोड होण्यापासून रोखलेले) असल्यामुळे दोन्हींपैकी एकही ड्रायव्हर चालू होत नाही. ही नोंद मदरबोर्डवरील फर्मवेअरच्या स्मृतीत राहते, त्यामुळे नव्या बोर्डावर ती असणे शक्यच नव्हते. मॉड्यूल लोड करणारी मॉडप्रोब आज्ञा चालवल्यावर 'की वॉज रिजेक्टेड बाय सर्व्हिस' असे दिसले, तर मोकयूटिल या साधनाने किल्ली आयात करावी आणि पुढच्या बूटला येणारा निळा पडदा निघून जाण्याआधी नोंदणी उरकावी. सिक्युअर बूट बंद करण्याचा सल्ला मिळेलच. एका रीस्टार्टच्या कामासाठी संरक्षण काढून टाकणे मला पटत नाही.

नूव्हो वितरणाच्या कर्नलसोबत सही होऊनच येतो, ही त्याची सोय निर्विवाद आहे. मात्र आपले कार्ड जीटीएक्स 900 किंवा 1000 मालिकेचे असेल, तर सही केलेल्या फर्मवेअरच्या अटीमुळे नूव्हो त्याची घड्याळगती (क्लॉक स्पीड) वाढवू शकत नाही आणि कार्ड बूटच्या मंद गतीवरच अडकते. अशा कार्डांसाठी माझ्या मते मालकी ड्रायव्हरच बरा, जरी 580 ही त्यांना चालणारी त्या ड्रायव्हरची शेवटची शाखा असली तरी. 2018 च्या ट्युरिंग पिढीपासून पुढचे कार्ड असेल, तर मेसा या मुक्त ग्राफिक्स संचातील एनव्हीके ड्रायव्हरसह नूव्हो वापरून पाहण्यास हरकत नाही. कूडा (कार्डावर गणना करण्याची एन्व्हिडियाची प्रणाली) लागत असेल तर नूव्होचा विचार सोडावा. एन्व्हिडियाने 2022 मध्ये खुली केलेली कर्नल मॉड्यूल्स ट्युरिंगपासून चालतात, परंतु डीकेएमएसने बांधल्यास त्यांनाही नोंदलेल्या किल्लीची सही लागतेच. उबुंटू असेल तर त्याची निर्माती कंपनी कॅनॉनिकलने सही केलेली तयार मॉड्यूल पॅकेजे घ्यावीत. त्यांना किल्लीची नोंदणी लागत नाही.