विक्रमी थंडी पडूनही बर्फ का पडत नाही? अजून थंडी वाढली तर पडेल का?

प्रश्नकर्त्यांनी तपशिलात लिहिलंय की तापमान उणे २२ वर गेलं, त्या तारखेचा जुना विक्रम मोडला, मुलं चार दिवस खिडकीला नाक लावून बसली आहेत आणि आकाश मात्र लख्ख कोरडं. अजून चार-पाच अंश उतरलं तर बर्फ पडेल का, असं त्यांना विचारायचंय.

नाही पडणार. थंडी जरा कमी होऊ द्या, मग पडेल.

एवढं लिहून थांबता आलं असतं. पण नेमक्या याच प्रश्नावरून आमच्या घरात गेली आठ वर्षं भांडण चालू आहे, आणि त्यात माझ्यावर अन्याय झालाय असं माझं ठाम मत आहे. तेव्हा थोडं सहन करा.

आठ वर्षांपूर्वी जानेवारीत आई आणि मी ताईकडे गेलो होतो. गावाचं नाव लिहीत नाही, दाजी इथे येऊन वाचतात. खंडाच्या अगदी पोटातलं गाव, समुद्र हजारो किलोमीटर लांब, उणे वीस म्हटलं तर कुणी मान वर करून बघत नाही असं. आईची इच्छा एकच होती, बर्फ पडताना बघायचा. पडलेला नव्हे. पडलेला ढोपरभर होता. आम्ही उतरलो त्याच्या आदल्याच दिवशी पडून गेला होता आणि आता पायाखाली करकर वाजत होता. (उणे दहाच्या खाली गेलं की तो असा वाजतो. कण दाबाखाली वितळून घसरत नाहीत, कडाकडा मोडतात.) आईला पडणारा हवा होता. विमानात तिने मला तीनदा विचारलं होतं, "आपण जायच्या आत पडेल ना रे?"

चौथ्या दिवशी बातम्यांत विक्रमी थंडीचा इशारा आला. मी जेवायच्या टेबलावर जाहीर केलं, आई, आज रात्री नक्की. दाजींनी फोनमधून डोकंही वर काढलं नाही. म्हणाले, "अरे, इतक्या थंडीत बर्फ पडतच नाही. टू कोल्ड टू स्नो म्हणतात इथे."

मला दाजींचं हे 'म्हणतात इथे' पहिल्यापासून खटकतं. कोण म्हणतं, का म्हणतं, काही नाही. मी म्हटलं, "दाजी, बर्फ पडायला थंडी लागते. थंडी वाढली की तो पडायचा बंद होतो, हे कुठलं शास्त्र?" ते म्हणाले, "लाव पैज." पैज अशी ठरली: ही थंडी आहे तोवर बर्फ पडला तर दारातला दाजींनी उपसायचा. नाही पडला, तर पुढचा जेव्हा पडेल तेव्हा मी. ताई म्हणाली, दोघांनी मिळून उपसलात तर लवकर होईल. तिच्याकडे कुणी लक्ष दिलं नाही.

त्या रात्री मी दोनदा उठलो. काचेच्या आतल्या कोपऱ्यात बर्फाची नक्षी धरली होती. रस्त्यावरचा दिवा, पलीकडचं छप्पर, सगळं इतकं स्पष्ट की जवळ आल्यासारखं वाटावं. आकाशात नुसत्या चांदण्या. दुसऱ्यांदा उठलो तर आई अंधारात शाल गुंडाळून खिडकीशी बसलेली. "पडला का?" म्हणाली. मी म्हटलं, नाही गं, झोप. फोनवर उणे ३१ दिसत होतं. विक्रम मोडला होता.

माझी चूक त्या चांदण्यांतच होती, आणि तुमचीही तीच होते आहे. रात्री जमीन आपली उष्णता वर सोडत असते. ढग असले तर त्यातली बरीच परत खाली येते, आकाश मोकळं असेल तर ती निघून जाते. म्हणून विक्रमी थंडीला निरभ्र आकाश, पडलेला वारा आणि जास्त दाबाची हवा लागते. जास्त दाब म्हणजे हवा वरून खाली बसतेय, आणि खाली बसणाऱ्या हवेत ढग टिकत नाहीत. आता ढगच नाहीत तर बर्फ येणार कुठून? जमिनीवर ताजा बर्फ असेल तर आणखीच भर. तो दिवसा ऊन परतवतो आणि जमिनीची ऊब वर येऊ देत नाही. क्रम असा असतो: आधी बर्फ पडतो, मागून आभाळ मोकळं होतं, मग विक्रम होतो. आम्ही उतरायच्या आदल्या दिवशी पडलेला बर्फ हा त्या विक्रमाचाच पहिला अंक होता, आणि आम्ही बसलो होतो दुसऱ्या अंकात पहिला परत दाखवतील म्हणून.

शिवाय हवेत वाफच उरत नाही. २० अंशाला एक घनमीटर हवेत साधारण १७ ग्रॅम वाफ मावते. शून्याला पाच ग्रॅमच्या आत. उणे वीसला जेमतेम एक ग्रॅम, आणि उणे तीसला अर्ध्या ग्रॅमच्याही खाली. थोडाफार बर्फ झालाच, तरी किती होणार?

म्हणजे दाजी बरोबर होते, असं तुम्ही म्हणाल. थांबा.

सकाळी ऊन वर आलं. आई सगळे कपडे अंगावर चढवून दारात उभी राहिली, पाच मिनिटांसाठी म्हणून. आणि आतून मला हाक, "अरे, लवकर ये, अभ्रक उडतंय बघ." मी गेलो. खरंच हवाभर अभ्रक. ढगाचं नाव नाही, आणि उन्हात हजारो बारीक चकाके फिरत, लुकलुकत, अगदी सावकाश खाली येत होते. सूर्याच्या दोन्ही बाजूंना दोन रंगीत ठिपके. आई म्हणाली, सूर्याने कुंडलं घातलीत. मी काळ्या कोटाची बाही पुढे धरली. बाहीवर जे बसले ते कण नव्हते, पत्रे होते. सपाट, सहा कोनांचे, नखाच्या पांढऱ्या टोकावर चार मावतील एवढे. श्वास रोखून बघत होतो, कारण श्वास लागला की जागेवर पाणी. नाकातले केस ताठ झालेले, पापण्या चिकटायला लागलेल्या, आणि आम्ही दोघं बाहीकडे टक लावून.

दाजी बाहेर आले, एक नजर टाकली आणि म्हणाले, "छपरावरचा जुना बर्फ वाऱ्याने उडतोय."

वारा! समोरच्या घराच्या धुराड्यातला धूर खांबासारखा सरळ उभा होता. मी तो बोटाने दाखवला. दाजी म्हणाले, वर असेल वारा. आणि आत गेले.

याला डायमंड डस्ट म्हणतात. हवेतली उरलीसुरली वाफ पाणी न होता थेट बर्फाचे स्फटिक होऊन, ढगाशिवाय, जमिनीजवळच जन्मून खाली येते. सपाट स्फटिक आडवे तरंगतात, त्यांतून ऊन २२ अंशांनी वळतं आणि सूर्याशेजारी ती कुंडलं दिसतात. जुना उडालेला बर्फ तुटक्या चुऱ्याचा असतो, त्यातून इतकी नेमकी कुंडलं येत नाहीत. म्हणजे ते स्फटिक त्याच सकाळी, त्याच विक्रमी थंडीत, आकाशातून पडत होते. पैज मी जिंकलो होतो. घरात आईखेरीज हे कुणीही मान्य केलं नाही.

'फार थंडीत बर्फ पडतच नाही' हे वाक्य म्हणूनच मला अर्धवट वाटतं. शून्याखाली असा कुठलाही आकडा नाही की जिथे बर्फ पडायचा बंद होतो. कमी पडतो, बारीक पडतो, एवढंच. अंटार्क्टिकावरच्या व्होस्तोक केंद्रावर २१ जुलै १९८३ रोजी उणे ८९.२ अंश नोंदले गेले, केंद्रात मोजलेलं पृथ्वीवरचं सगळ्यात कमी तापमान. तिथे वर्षभरात जे पडतं ते वितळवलं तर जेमतेम दोन सेंटिमीटर पाणी भरेल, वाळवंटापेक्षाही कमी. त्यात या चकाकणाऱ्या धुळीचा वाटा मोठा असतो. आणि त्या केंद्राखाली साडेतीन किलोमीटरहून जाड बर्फ आहे, कारण पडलेलं कधी जातच नाही. दाजींच्या हिशेबाने तिथे खडक दिसायला हवा होता.

उत्तर अमेरिकेच्या मुख्य भूमीवरचा विक्रमही असाच. कॅनडात युकॉनमधल्या स्नॅग या विमानतळावर ३ फेब्रुवारी १९४७ला थर्मामीटरमधलं अल्कोहोल उणे ८० फॅरनहाइटच्या शेवटच्या रेघेखाली उतरलं. पुढे आकडेच नव्हते. निरीक्षकांनी काचेवर खूण करून ठेवली, थर्मामीटर तपासायला पाठवला, आणि शेवटी उणे ८१ ठरलं, म्हणजे उणे ६२.८ सेल्सिअस. तेव्हाही आकाश निरभ्र होतं आणि वारा जवळजवळ नव्हता. अल्कोहोल अशासाठी की पारा उणे ३९च्या आसपास स्वतःच गोठतो. 'पारा उणे ५०वर घसरला' असं बातम्यांत लिहितात तेव्हा पारा खरं तर नळीत दगड होऊन बसलेला असतो. असो, हा माझा दुसरा राग, त्यावर वेगळा प्रश्न कुणी विचारला तर लिहीन.

मग आमचं पुढे काय झालं? तीन दिवसांनी वारा फिरला. रात्री तापमान उतरायच्या ऐवजी चढायला लागलं, उणे २४चं उणे १५, पहाटे उणे सहा. जड, गार हवा जमिनीलगत पसरलेली असते. बाहेरून येणारी उबदार, ओलसर हवा तिच्या अंगावरून वर चढते, गार होते आणि ढग धरतात. सकाळी चांदणं, निळं आकाश सगळं गायब, करडी चादर, आणि आठ वाजता कापसाचे पुंजके. मोठे, गुंतलेले. शून्याजवळच्या तापमानात स्फटिक एकमेकांना चिकटतात, म्हणून पुंजके एवढे होतात. आईने तोंड वर केलं, डोळे मिटले आणि गालावर घेतला.

मी फावडं घेतलं. दोन तास उपसलं. ढीग पुढे ढकलावा तर मागे नवा साचलेला. खिडकीतून दाजी वाफाळता कप हातात धरून बघत होते, आणि काच किंचित सरकवून म्हणाले, "बघ, थंडी कमी झाल्यावरच पडला की नाही?"

त्यांचं वाक्य खरं होतं, पण त्यामागचं कारण चुकीचं होतं. हा फरक मी त्या दिवशीही समजावला, नंतरच्या प्रत्येक भेटीत समजावला, ताईच्या मुलीच्या वाढदिवसालाही. त्यांना फक्त फावडं आठवतं.

तुमच्यासाठी कामाचं सांगतो. तापमानाच्या आकड्याकडे बघणं सोडा, आभाळाकडे बघा. दाब उतरायला लागला, चंद्राभोवती खळं आलं आणि रात्र उतरायच्या ऐवजी ऊबदार व्हायला लागली, की मुलांना उठवून ठेवा. जोराचा बर्फ बहुतेकदा शून्य ते उणे दहाच्या मध्ये पडतो. हवा कोरडी असेल तर शून्याच्या एक-दोन अंश वरही पडतो, कारण पडता पडता त्यातलं थोडं उडून जातं आणि भोवतालची हवा गार होते. तोवर विक्रमी थंडी वाया घालवू नका. सकाळी ऊन आल्यावर मुलांना काळं कापड धरून बाहेर न्या, दहा मिनिटं, जास्त नको. बोटांचा रंग पांढरट झाला की आत. ही सूचना मी आधी लिहायला हवी होती.

आणखी एक राहिलं. तुम्ही मोठ्या, न गोठलेल्या सरोवराच्या किंवा समुद्राच्या अशा काठावर राहत असाल, जिकडे वारा पाण्यावरून येतो, तर वर लिहिलेलं बरंच उलटं होतं. गार हवा उबदार पाण्यावरून गेली की खालून वाफ उचलते आणि काठावर ओतते. अमेरिकेत बफेलोला नोव्हेंबर २०१४मध्ये शहराच्या एका भागात पाच-सहा फुटांवर बर्फ साचला आणि काही किलोमीटरवर जवळपास काहीच नाही. जपानमध्ये इबुकी डोंगरावर १४ फेब्रुवारी १९२७ रोजी ११.८२ मीटर खोल बर्फ मोजला गेला, तोही सायबेरियाकडून येणाऱ्या गार हवेने वाटेतल्या समुद्रावरून उचललेला. तिथे थंडी वाढली की बर्फ वाढतो. ताईचं गाव असं नव्हतं. तुमचं आहे का, ते प्रश्नात लिहिलेलं नाही.

आणि प्रामाणिकपणे एक कबुली. विमानतळांच्या हवामान नोंदीत या चकाकणाऱ्या स्फटिकांचा संकेत वेगळा आहे आणि बर्फाचा वेगळा. म्हणजे काटेकोर बघितलं तर त्या सकाळी जे पडलं त्याला बर्फवृष्टी म्हणतील का, यावर वाद घालता येईल. आकाशातून पडलं, गोठलेलं होतं, सहा कोनांचं होतं. माझ्यासाठी पुरे आहे. दाजींना हा परिच्छेद दाखवू नका.

ताईने परवा कळवलं की तिकडे पुन्हा विक्रमी थंडीचा इशारा आहे. मी म्हटलं, उद्या ऊन आलं की दाजींना काळा कोट घालून दारात उभं कर आणि समोरच्या धुराड्याचा फोटो काढून पाठव. अजून काही आलेलं नाही.