गवत राखायला पदवी कशाला?

"मुलगी बारावीत आहे. कॉम्प्युटर सायन्स नको, प्रेअरी (गवताळ माळरानं) आणि ओक वाचवायचं शिक्षण घेते म्हणते. गवत राखायला पदवी कशाला लागते? पोट भरेल का?" – एक पालक, हिल्सबरो, ओरेगन

नमस्कार,

तुम्ही मूळचे सोलापूरचे. आपल्याकडे माळाला सरसकट पडीक म्हणतात, पण नान्नजला माळढोक राहिला तो त्याच माळावर. तुम्ही आता राहता त्या विल्यमेट खोऱ्याचीही तीच कथा. तिथले मूळ रहिवासी कलापुया लोक गवत ठरावीक काळाने पेटवत. आगीत डग्लस फर या सूचिपर्णी झाडाची रोपं जळत आणि जाड सालीचा ओक तगून राही. पुढे वसाहतवाले आले, आग थांबली, नांगर फिरला. मूळ प्रेअरी आज शेकडा दोनही उरलेली नाही आणि उरली ती बहुतेक खासगी मालकीची.

म्हणून या कामात फुलांइतकीच माणसं ओळखावी लागतात. लँड ट्रस्ट (जमिनी राखणारी संस्था) मालकाशी करार करतो, त्याला कॉन्झर्वेशन ईझमेंट म्हणतात. जमीन मालकाचीच राहते, पण तिथे बांधकाम करण्याचा हक्क तो कायमचा सोडतो किंवा विकतो. सातबाऱ्याच्या 'इतर हक्कां'त नोंद चढावी तसा हा करार पुढच्या प्रत्येक मालकावर बंधनकारक असतो. एखाद्या म्हाताऱ्या शेतकऱ्याला पटवायला वर्षं जातात. करार झाला की खरी मेहनत सुरू होते: ओकला झाकणारे फर तोडणं, ब्लॅकबेरीची जाळी काढणं, देशी बी पेरणं, आखून आग लावणं.

या मेहनतीला फळ येतं. फेंडर्स ब्लू हे फुलपाखरू नामशेष झालं असं समजत होते. ते १९८९ मध्ये पुन्हा सापडलं आणि २००० मध्ये संकटग्रस्त ठरलं. त्याची अळी वाढते त्या ल्युपिन या रानफुलाची माळरानं लोकांनी राखली, वाढवली, तेव्हा २०२३ मध्ये त्याचा धोका एक पायरी खाली आला.

पगार आयटीइतका मिळणार नाही, हे स्पष्ट सांगतो. सुरुवातीची काही वर्षं हंगामी कामावर काढावी लागतात. मात्र कॉर्व्हालिसच्या ओरेगन स्टेटमध्ये परिसंस्थाशास्त्र घेताना तिने जीआयएस (संगणकावर नकाशे करण्याचं तंत्र) पक्कं करावं आणि जमिनीच्या कायद्याचा एखादा विषय घ्यावा. नकाशा आणि करार दोन्ही वाचता येणारी माणसं या क्षेत्रात हवीच असतात. कॉम्प्युटरची आवड असेल तर तीही इथे कामी येते.

प्रवेशाआधी एक उन्हाळा तिला अशा जमिनीवर राबू द्या. आणि मेअखेरीस तिच्यासोबत बॅस्केट स्लू अभयारण्यात जा. ती निळी फुलपाखरं तेव्हा उडत असतात. त्यांचं ल्युपिन कुठलं, ते तिला दाखवायला सांगा.