पडदा उघडाच आहे, ताई

मी समुपदेशक आहे. गेल्या काही वर्षांत माझ्याकडे एकाच साच्याचे मेल येतात. नवऱ्याला किंवा बायकोला परदेशात काम मिळतं, दुसरं माणूस आपली इथली नोकरी लॅपटॉपसकट सोबत घेऊन जातं. पगार चालू, घर नीटनेटकं, शहर तर कॅलेंडरवर छापावं असं. आणि तीन-चार महिन्यांत मेल येतो: "रडण्यासारखं काहीच नाही, तरी रडू येतं. मी कृतघ्न आहे का? आळशी झालेय का? परत यावं का?"

असाच मेल लिहिणारी एक मुलगी कॅनडातल्या क्वेबेक सिटीत राहते. तिच्या परवानगीने लिहितेय. ओळख पटेल असे तपशील बदललेत. शहर तेवढं तेच ठेवलंय, कारण या गोष्टीत निम्मा वाटा त्या शहराचा आहे.

पहिलं सत्र डिसेंबरात झालं. पुण्यात संध्याकाळचे पाच, माझ्या टेबलावर तिरपं ऊन आलेलं. तिच्याकडे सकाळचे साडेसहा. स्क्रीनवर एक चेहरा आणि मागे काळाकुट्ट चौकोन. मी आपलं सहज म्हटलं, "सकाळ झालीये ना तिथे, पडदा उघड की जरा." ती म्हणाली, "पडदा उघडाच आहे, ताई."

तिथे डिसेंबरात सूर्य साडेसातच्या सुमारास उगवतो आणि दुपारी चारला मावळतो. हे मला पुस्तकातून माहीत होतं, पण त्या काळ्या चौकोनाचा अर्थ कळायला मला तीन सत्रं लागली. हे आधीच कबूल करते.

पहिल्या सत्रात मी ठरलेले सल्ले दिले. रोज अर्धा तास चालायला जा, मराठी मंडळ शोध. मंडळ म्हणाल तर मराठी माणसांचा घोळका मॉन्ट्रियलला, म्हणजे अडीचशे किलोमीटरवर. चालण्याचं म्हणाल, तर ती बिचारी उणे २४ मध्ये पुण्यात ट्रेकसाठी घेतलेलं जॅकेट घालून निघाली, पापण्यांवर बर्फ धरला, घराजवळच्या उतारावर घसरून कोपर सुजवून घेतलं आणि दहा मिनिटांत परतली. ते शहर कड्यावर आणि कड्याखाली असं दोन मजल्यांवर वसलंय, मध्ये जिने आणि चढउतार. वर्षाला तीन मीटरच्या आसपास बर्फ पडतो. तिथली माणसं बुटांना खिळ्यांची पट्टी बांधून फिरतात. मला हे ठाऊक नव्हतं. पुढच्या वेळी तिने सुजलेलं कोपर कॅमेऱ्यासमोर धरलं आणि आम्ही दोघी हसलो. तिला हसताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

तिला वाटत होतं की खरी अडचण भाषेची आहे. क्वेबेक सिटी म्हणजे इंग्रजीवर निभावून नेता येणारं मॉन्ट्रियल नव्हे. तिथे दहातल्या नऊ जणांहून अधिकांची मायबोली फ्रेंच. पुण्यात तिने फ्रेंचच्या दोन परीक्षा दिल्या होत्या, पण दुकानात काउंटरवरची बाई भराभर काही विचारी आणि ही घाबरून "वी", म्हणजे "हो", म्हणून मोकळी होई. प्रश्न असायचा, पिशवी हवी का? तिने ओट्याखालचा कप्पा उघडून दाखवला: कागदी पिशव्यांची चळत. एकेक पिशवी म्हणजे न समजता दिलेला एकेक होकार.

दुसरा प्रसंग जास्त लागला होता. खालच्या मजल्यावरच्या आजींनी रविवारी "दिने"ला बोलावलं. पुण्यात शिकलेल्या फ्रेंचप्रमाणे दिने म्हणजे रात्रीचं जेवण. ही बेसनाचे लाडू घेऊन सात वाजता दारात हजर. आजी गाऊनमध्ये. क्वेबेकमध्ये दिने दुपारी असतं. सकाळच्या न्याहारीला देजने म्हणतात, रात्रीच्या जेवणाला सुपे. आजींनी बारापासून वाट पाहिली होती. त्या रागावल्या नाहीत, सूप डब्यात भरून दिलं. पण ही जी शरमेने घरात बसली, ती दोन महिने जिन्यात पावलं वाजली की दाराआड थांबायची.

शहराला जुनी तटबंदी आहे, त्यामुळे इकडच्या घरून मात्र फर्माईश: "किल्ल्याचे फोटो टाक ना!" नवरा विद्यापीठात संशोधक. त्याचा दिवस माणसांत जायचा. तो म्हणे, "तू तर घरीच असतेस, मजा आहे." वाईट हेतू नव्हता, पण हे वाक्य तिने मला चार वेळा सांगितलं.

तिसऱ्या सत्रात मी एकदाचा साधा प्रश्न विचारला: कालचा दिवस तासातासाने सांग. आणि उलगडा झाला. कंपनी पुण्याची, वेळ दहा ते सात. हिवाळ्यात क्वेबेक भारताच्या साडेदहा तास मागे. म्हणजे हिचं काम रात्री साडेअकराला सुरू आणि सकाळी साडेआठला संपणार. नऊला झोपायचं, चारला उठायचं. उठेपर्यंत सूर्य गेलेला. म्हणजे नोव्हेंबरपासून या मुलीने दिवसाचा उजेड जवळजवळ पाहिलाच नव्हता. एरवी लांबलचक कडक हिवाळा असलेल्या शहरात माणसं तग धरतात ती त्या आठ-साडेआठ तासांच्या उजेडावर. हिने तो झोपेत घालवला होता. आणि याला ती स्वतःचा आळस म्हणत होती.

हिवाळ्यात येणारं नैराश्य ही कल्पना नाही. मानसोपचारतज्ज्ञ नॉर्मन रोझेन्थाल आणि सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये त्याचं रीतसर वर्णन केलं. एरवीच्या नैराश्यात बऱ्याचदा झोप उडते, भूक मरते. यात पुष्कळदा उलटं होतं. झोप संपत नाही, गोडाधोडाची ओढ लागते, वजन वाढतं. हिला सगळं लागू होतं. मी निदान करणारी डॉक्टर नाही, म्हणून तिला तिथल्या डॉक्टरांकडे पाठवलं. त्याआधी जीव नकोसा होण्याचे विचार येतात का, हे सरळ विचारलं. हा प्रश्न विचारल्याने कुणाच्या डोक्यात तसं काही शिरत नाही. उलट बहुतेकांना हायसं वाटतं. येत नव्हते. तरीही क्वेबेकमधला ८११ हा नंबर आणि त्यातला दुसरा पर्याय तिला लिहून घ्यायला लावला. तिथे चोवीस तास मानसिक आणि सामाजिक अडचणींसाठी माणूस बोलायला असतं. हजारो मैलांवरची समुपदेशक अडीनडीला धावून येऊ शकत नाही, हे सुरुवातीलाच सांगून टाकावं.

डॉक्टरांनी ड जीवनसत्त्व तपासलं आणि प्रकाशाचा दिवा सुचवला: १०,००० लक्सचा (लक्स म्हणजे उजेड मोजायचं माप), उठल्यावर अर्धा तास, हातभर अंतरावर. तो डोळ्यांच्या समोर असावा लागतो, पण त्यात टक लावून बघायचं नसतं. ज्यांना डोळ्यांचा आजार आहे किंवा मनःस्थिती टोकाची वर-खाली होण्याचा त्रास आहे, त्यांनी तो ऑनलाइन मागवून स्वतःच सुरू करू नये.

पण दिव्याने कामाची वेळ बदलत नाही. मी म्हटलं, "कंपनीला वेळ बदलून माग." ती गप्प. मग म्हणाली, "ताई, बाहेरून काम करू दिलं हेच उपकार आहेत. मागायला गेले आणि आहे तेही गेलं तर?" या "उपकारा"पायी घरून काम करणारी किती माणसं स्वतःला पिळून घेतात! मी विचारलं, प्रोजेक्ट कुणाचा? अमेरिकेतल्या ग्राहकाचा, न्यू जर्सीचा. न्यू जर्सीच्या आणि क्वेबेकच्या घड्याळात एक मिनिटाचाही फरक नाही. म्हणजे ज्याच्यासाठी काम चाललं होतं तो तिच्याच वेळेत जागा होता, आणि ही पुण्याच्या घड्याळावर रात्र जागवत होती.

मेल चार ओळींचा झाला. त्या चार ओळींना दोन आठवडे लागले. "सॉरी" हा शब्द तिने तीनदा घातला, मी तीनदा काढायला लावला. उत्तर दुसऱ्याच दिवशी आलं. पहाटे पाच ते दुपारी दीड, महिनाभर करून बघू. आदर्श नव्हे, पण दीड ते चार उजेड हातात आला.

आता या अडीच तासांचं करायचं काय? "मन झालं की बाहेर पडेन," ती म्हणायची. नैराश्यात मन होत नाही, आधी पाय हलवावे लागतात. मन मागून येतं. पण पायांना कारण लागतं, आणि दूरच्या नोकरीत नेमकं तेच हरवतं. ऑफिस असतं तर शेजारच्या टेबलावरचा माणूस, चहाची टपरी, "आज बर्फ किती पडला बघ" हे फुकटात मिळतं. लॅपटॉपवर नोकरी करणाऱ्याला राहत्या शहराशी कामच पडत नाही, आणि शहरालाही त्याच्याशी पडत नाही.

कारण दिलं तिच्या वडिलांनी. साताऱ्याचे, रोज सकाळी अजिंक्यतारा चढणारे. त्यांना फोटोत रस नव्हता. त्यांनी विचारलं, "तटाला दरवाजे किती?" तिला माहीत नव्हतं. ती खिळ्यांची पट्टी लावून मोजायला गेली. चार. तटबंदी साडेचार किलोमीटरच्या वर. मेक्सिकोच्या उत्तरेला असं तट शाबूत असलेलं दुसरं शहर नाही. मग वडिलांचे प्रश्न सुरूच: बांधला कुणी? पडला कसा? १७५९ मध्ये इंग्रज रात्री कडा चढून वरच्या मैदानात आले आणि फ्रेंचांच्या हातून शहर गेलं, हे तिने सांगितल्यावर बाबा फोनवर ओरडले, "अगं, हा तर सिंहगडच!" पुढचा प्रश्न अर्थातच: आत पाण्याची सोय काय होती? त्यासाठी तिला फ्रेंच पाट्या वाचाव्या लागल्या. मी कुठलाही गृहपाठ दिला असता तर तो इतका चालला नसता.

भाषेचं मी उलट्या बाजूने समजावलं. १९७७ च्या कायद्याने तिथे कामापासून पाट्यांपर्यंत फ्रेंचला पहिला मान आहे. चारही बाजूंनी इंग्रजी असताना आपली भाषा धरून ठेवायची धडपड. मराठी पाट्यांसाठी वाद घालणाऱ्या आपल्याला हे समजायला जड जाऊ नये. समोरच्याला तुमचं व्याकरण नको असतं, आधी "बाँजूर", म्हणजे "नमस्कार", हवं असतं. २०२३ पासून फ्रान्सिझास्याँ क्वेबेक या सरकारी व्यवस्थेतून फ्रेंचचे मोफत वर्ग मिळतात. तिने संध्याकाळचा ऑनलाइन वर्ग धरला. शिवाय तटाच्या आत मॉरिन सेंटर नावाचं इंग्रजी ग्रंथालय आहे. ती इमारत एकेकाळी तुरुंग होती. "मी आठवड्यातून दोनदा तुरुंगात जाऊन बसते," असं ती नवऱ्याला सांगायची. फेब्रुवारीत एकदा तिने काउंटरवर "नाँ, मेर्सी", म्हणजे "नको, धन्यवाद", म्हटलं आणि पिशवी नाकारली. मला त्याचा वेगळा मेसेज आला.

त्याच महिन्यात तिने एक ध्वनिमुद्रण पाठवलं, ओळखा म्हणून. मला जात्यावर काहीतरी जाडंभरडं दळल्यासारखं वाटलं. ती सेंट लॉरेन्स नदीवरची, पलीकडच्या काठावरच्या लेव्हीला जाणारी फेरीबोट होती. हिवाळाभर ती तरंगत्या बर्फातून वाट काढत चालते आणि बर्फाचे तुकडे बोटीच्या पोटावर घासतात. दहा-बारा मिनिटांचा प्रवास. तिकडे तिचं काहीही काम नव्हतं.

आजींचं दार वाजवायला मात्र मार्च उजाडला. सुपाचा डबा अजून हिच्याकडेच होता. रिकामा कसा द्यायचा म्हणून त्यात पुन्हा लाडू भरले.

"परत यावं का?" या प्रश्नाला मी हिवाळाभर उत्तर दिलं नव्हतं. जानेवारीत, अंधारात असले निर्णय घ्यायचे नाहीत, मे महिन्यात बसू, एवढंच ठरलं होतं. मेमध्ये झाडांना पालवी फुटली, सूर्य रात्री आठपर्यंत होता, ती बरी होती. आणि तिने सांगितलं, "ताई, शहर आवडलंय. पण मला इथे कायमचं राहायचं नाही. नवऱ्याचा करार संपला की निघायचं."

नवरा तोवर तिथे कायमचं राहण्यासाठी अर्ज करायच्या बेतात होता. आता ते दोघं मिळून येतात, दर दुसऱ्या शनिवारी.