फील्ड अ‍ॅम्ब्युलन्स ही गाडी नव्हे

प्रश्न आला आहे: "कोरियाच्या युद्धात भारताने 60 रुग्णवाहिका पाठवल्या होत्या असं वाचलं. खरं आहे का? आणि फील्ड अ‍ॅम्ब्युलन्सला मराठीत काय म्हणावं?"

हे वाक्य माझ्याही वाचनात वारंवार येतं आणि दर वेळी डोकं तापतं. साठ गाड्या कोणी पाठवल्या नव्हत्या. '60 पॅराशूट फील्ड अ‍ॅम्ब्युलन्स' हे लष्करी वैद्यकीय तुकडीचं नाव, आणि 60 हा तिचा क्रमांक. लेफ्टनंट कर्नल ए. जी. रंगराज यांच्या हाताखाली ही तुकडी नोव्हेंबर 1950 मध्ये पुसानला उतरली. सर्जन, भूल देणारे डॉक्टर, परिचर धरून साडेतीनशेच्या आसपास माणसं. डिसेंबरात प्याँगयाँग सोडायची वेळ आली तेव्हा सामान न्यायला वाहनं नव्हती. मागे पडलेलं वाफेचं इंजिन त्यांनी हुडकलं, बादल्यांनी त्यात पाणी भरलं आणि शस्त्रक्रियेचं सगळं सामान आगगाडीत घालून दक्षिणेला आणलं. मार्च 1951 मध्ये मुन्सान-नी इथे याच तुकडीतल्या काही जणांनी अमेरिकन छत्रीधारी सैनिकांबरोबर विमानातून उड्या घेतल्या. रंगराज यांना महावीर चक्र मिळालं. एवढं सगळं करणाऱ्यांना 'रुग्णवाहिका' म्हणणं हा त्यांच्यावर अन्याय आहे.

आता शब्दाकडे येऊ. लॅटिनमध्ये 'अँब्युलारे' म्हणजे चालणं, फिरणं. त्यावरून फ्रेंचांनी सैन्यामागून फिरणाऱ्या इस्पितळाला नाव दिलं 'ओपिताल आंब्युलां', म्हणजे फिरतं इस्पितळ. त्याचंच पुढे 'आंब्युलांस' झालं. काही जण ठासून सांगतात, की चालू शकणाऱ्या जखमींची सोय म्हणून हे नाव पडलं. साफ चूक! चालतं ते इस्पितळ, रुग्ण नव्हे. हा शब्द नेपोलियनच्या लारे नावाच्या सर्जनने घडवला, असं सांगणारेही भेटतात. तेही चूक. लारे कामाला लागला तेव्हा 'आंब्युलांस' होतीच, पण नियमाप्रमाणे ती सैन्याच्या कोसभर मागे थांबायची आणि जखमी लढाई संपेपर्यंत रणात तसेच पडून राहायचे. लारेने 1792-93 च्या सुमारास हलक्या घोडागाड्या थेट रणात नेल्या आणि त्या व्यवस्थेला 'उडती आंब्युलांस' म्हटलं. त्याची भर 'उडती' या विशेषणाची. इंग्रजीत हा शब्द गाडीला चिकटला तो क्रिमियन युद्धाच्या सुमारास, आणि आपण नेमका तो शेवटचा, आखडलेला अर्थ उचलून 'रुग्णवाहिका' केली.

याच धातूची इतर मुलंबाळं पाहा. बाबागाडीला इंग्रज 'प्रॅम' म्हणतो, ते 'पेरँब्युलेटर'चं तुटकं रूप. आपल्या संविधानाचा सरनामा म्हणजे 'प्रिअँबल', पुढे चालणारा. झोपेत चालणाऱ्याला 'सोम्नँब्युलिस्ट' म्हणतात. सगळीकडे चालणंच आहे, वाहणं कुठेही नाही.

ब्रिटिश लष्कराने मात्र जुना अर्थ जपला. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात जखमी उचलणाऱ्या 'बेअरर कंपन्या' आणि 'फील्ड हॉस्पिटलं' एकत्र करून त्यांनी 'फील्ड अ‍ॅम्ब्युलन्स' उभी केली. तिच्यात एक भाग डोली-स्ट्रेचरवाल्यांचा, दुसरा तंबूतल्या डॉक्टरांचा. याचा सगळ्यात कडवट पुरावा पहिल्या महायुद्धातल्या मेसोपोटेमियातला, म्हणजे आजच्या इराकमधला आहे. 1915 मध्ये सहाव्या पूना डिव्हिजनबरोबर, म्हणजे 103, 110 आणि 117 क्रमांकांच्या मराठा पलटणी ज्यात होत्या तिच्याबरोबर, फील्ड अ‍ॅम्ब्युलन्स तुकड्या होत्या, पण जखमी न्यायच्या चाकांच्या गाड्या नव्हत्या. टेसिफोनच्या लढाईनंतर मांडी मोडलेल्या, पोटात गोळी लागलेल्या शिपायांना स्प्रिंग नसलेल्या सामानाच्या खटाऱ्यांत घालून तैग्रिस नदीपर्यंत आणलं, आणि तिथून बोटींत दाटीवाटीने कोंबून बसऱ्याला पाठवलं. पुढे चौकशी आयोग बसला आणि त्याने या हलगर्जीपणावर कोरडे ओढले. नावात अ‍ॅम्ब्युलन्स आणि दाराशी अ‍ॅम्ब्युलन्स नाही, अशी अवस्था होती. शब्दाचा अर्थ 'गाडी' धरणाऱ्याला हा इतिहास वाचताच येणार नाही.

'क्षेत्रीय रुग्णवाहिका' असा प्रतिशब्द सुचवणाऱ्या परिभाषाकारांनी फक्त इंग्रजी शब्दाला शब्द जोडला आहे. 'क्षेत्रीय' म्हटलं की सरकारी कार्यालय आठवतं. इथलं 'फील्ड' म्हणजे रणभूमी. आपल्याकडे खेडोपाडी 'फिरता दवाखाना' हा शब्द कधीचा रुळला आहे, आणि तो फ्रेंच मूळ शब्दाचा हुबेहूब जोडीदार आहे, कोणीही न ठरवता. म्हणून माझं मत असं, की सामान्य अर्थाने 'आघाडीचं फिरतं इस्पितळ' म्हणावं आणि विशिष्ट तुकडीचं नाव असेल तर 'फील्ड अ‍ॅम्ब्युलन्स' तसंच ठेवून पुढे 'तुकडी' किंवा 'पथक' जोडावं. क्रमांकही '60वी' असा लिहावा, म्हणजे कोणी गाड्या मोजत बसणार नाही.